बिनविरोध : काँग्रेस अध्यक्षपदाच्या काही निवडणुका

व्याकरणाच्या तासाला उपसर्ग शिकवताना फारसी उपसर्गांची यादी फळ्यावर लिहावी लागते. 'बिन' या उपसर्गापाशी आले की बिनचूक, बिनधोक, बिनशर्त, बिनतक्रार हे शब्द मुले आपणहून सांगतात. आणि कुणीतरी हमखास 'बिनविरोध' हा शब्द पुढे करते. फारसी उपसर्ग आणि संस्कृत शब्द यांचा हा संकर पुस्तकातून आलेला नसतो. बसस्थानकापासून कॉलेजपर्यंत चालत येताना मुलांनी तो दोन-तीन फलकांवर वाचलेला असतो. कुणी दूध संस्थेचा अध्यक्ष झालेला असतो, कुणी विकास सोसायटीचा चेअरमन, कुणी ग्रामपंचायतीचा सदस्य. आणि 'बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' करणाऱ्या पंधरा-वीस जणांची छायाचित्रे त्याच्याखाली ओळीने लावलेली असतात. मतमोजणीत जिंकलेल्याचेही अभिनंदन होतेच. पण बिनविरोध आलेल्याचा मान थोडा अधिक, असे आपण सगळेच कळत-नकळत मानतो.

व्याकरणाच्या दृष्टीने हा अभाव दाखवणारा शब्द आहे. कशाचा तरी अभाव हा गुण कसा झाला, हा प्रश्न त्यामुळे केवळ भाषेचा राहत नाही. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, त्या सरपंचपदाचा जाहीर लिलाव झाल्याच्या कारणावरून. लिलाव झाल्यावर विरोध उरत नाही, हे खरेच. अर्थात प्रत्येक बिनविरोध निवडीमागे लिलाव असतो असे कुणी म्हणणार नाही. परंतु विरोध नाहीसा होतो तेव्हा तो कुठे जातो, कोण तो नाहीसा करतो आणि त्याची नोंद कुठे राहते, हे विचारायला हवे. या प्रश्नाचा माग काढण्यासाठी प्रस्तुत लेखात भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या अध्यक्षपदाच्या निवडणुका निवडल्या आहेत. या पक्षाचे बहुतेक अध्यक्ष एकमताने आले. मते मोजावी लागली असे प्रसंग थोडे आहेत. पण त्या थोड्या प्रसंगांतच पक्षाच्या मनात काय चालले होते ते आकड्यांत उमटलेले दिसते.

काँग्रेसची स्थापना १८८५ साली मुंबईत झाली. आरंभीच्या काळात अध्यक्षपद हे वर्षातून एकदा भरणाऱ्या अधिवेशनाचे भूषण होते. अध्यक्षाने भाषण करावे, सभा चालवावी आणि घरी जावे. १९२० च्या नागपूर अधिवेशनाने हे चित्र बदलले. गांधींच्या पुढाकाराने तयार झालेल्या नव्या घटनेने भाषावार प्रांतिक समित्या आणल्या, खेड्यापासून महासमितीपर्यंत चढत जाणारी रचना आणली आणि चार आणे वर्गणी भरणाऱ्याला सभासद केले. 'चार आण्यांचा सभासद' हा शब्दप्रयोग तेव्हापासूनचा. रावसाहेब-वकीलसाहेबांच्या सभेचे रूपांतर चार आणेवाल्यांच्या पक्षात झाले, ही त्या काळाच्या मानाने फार मोठी गोष्ट होती.

अध्यक्ष मात्र चार आणेवाले थेट निवडत नसत. प्रांतिक समित्या नावे सुचवत आणि महासमिती निर्णय घेई. १९२९ साली दहा प्रांतिक समित्यांनी गांधींचे नाव सुचवले, पाचांनी वल्लभभाई पटेलांचे आणि तिघांनी जवाहरलाल नेहरूंचे. गांधींनी पद नाकारले आणि त्यांच्या शब्दाखातर महासमितीने सर्वांत कमी शिफारशी मिळालेल्या जवाहरलालांना लाहोर अधिवेशनाचे अध्यक्ष केले. ती निवड इतिहासाच्या दृष्टीने योग्यच ठरली असे कुणी म्हणेल. तो वाद वेगळा. इथे एवढेच नोंदवायचे की दहा, पाच आणि तीन हे आकडे कागदावर उतरले होते, आणि निर्णय आकड्यांच्या बाहेर झाला.

१९३४ च्या मुंबई अधिवेशनात दोन गोष्टी घडल्या. नव्या घटनेनुसार अध्यक्षाची निवड प्रांतोप्रांतीच्या प्रतिनिधींच्या मतदानाने व्हावी असे ठरले. आणि गांधींनी काँग्रेसचे सभासदत्व सोडले. यापुढे आपण चार आण्यांचे सभासदही नाही, असे ते सांगू शकत होते आणि सांगतही. मतदाराच्या हाती मतपत्रिका आली त्याच वर्षी ज्याच्या शब्दावर निर्णय होत असे तो माणूस मतदारयादीतून बाहेर गेला. पुढची गुंतागुंत या योगायोगात बीजरूपाने दडलेली आहे.

नव्या तरतुदीनंतरही पहिली काही वर्षे लढत झाली नाही. उमेदवार नाव मागे घेत आणि उरलेला निवडून येई. १९३६ च्या अखेरीस खानदेशात फैजपूरला, म्हणजे पहिल्यांदाच एका खेड्यात, अधिवेशन भरले. त्याच्या अध्यक्षपदासाठी वल्लभभाईंचे नाव होते. त्यांनी ते जवाहरलालांसाठी मागे घेतले, पण माघारीचे निवेदन काढताना एक खुंटीही ठोकून ठेवली : माघार घेतली म्हणजे जवाहरलालांच्या सगळ्या मतांना आपली संमती आहे असे नव्हे, आणि अध्यक्षाला काही हुकूमशहाचे अधिकार नसतात. बिनविरोध निवडीच्या पोटात विरोध कसा जपून ठेवता येतो याचा हा चांगला नमुना आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना याच काळातला आणखी एक मजकूर ठाऊक असायला हवा. नोव्हेंबर १९३७ मध्ये कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात 'राष्ट्रपती' या शीर्षकाचा एक लेख प्रसिद्ध झाला. काँग्रेसच्या अध्यक्षाला त्या काळी राष्ट्रपती म्हणत. लेखकाचे नाव होते चाणक्य. जवाहरलालांना पुन्हा अध्यक्ष करू नका, लोकप्रियता आणि अहंकार यांच्या जोरावर हा माणूस हुकूमशाहीकडे झुकू शकेल, अशा आशयाचा तो इशारा होता. चाणक्य म्हणजे स्वतः जवाहरलालच, हे नंतर उघड झाले. स्वतःविरुद्ध उभा राहणारा उमेदवार न मिळाल्यामुळे एका लेखकाने तो स्वतःच कागदावर निर्माण केला, असे या लेखाबद्दल म्हणता येईल.

जानेवारी १९३९ मध्ये मात्र खरा उमेदवार उभा राहिला. सुभाषचंद्र बोस १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनाचे अध्यक्ष होते, एकमताने आलेले. त्रिपुरी अधिवेशनासाठी मौलाना आझाद, पट्टाभि सीतारामय्या आणि पुन्हा सुभाषबाबू अशी तीन नावे आली. मौलानांनी माघार घेतली. सुभाषबाबूंनी घ्यावी अशी ज्येष्ठांची अपेक्षा होती. त्यांनी ती पुरवली नाही. उलट २१ जानेवारीला निवेदन काढून त्यांनी सांगितले की इतर स्वतंत्र देशांप्रमाणे आपल्याकडेही अध्यक्षपदाची निवडणूक निश्चित प्रश्नांवर आणि कार्यक्रमांवर लढवली गेली पाहिजे. ब्रिटिशांच्या संघराज्याच्या योजनेला ठाम विरोध हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. आचार्य नरेंद्र देवांसारखा संघराज्यविरोधी माणूस पुढे केला तर आपण बाजूला होऊ, असेही ते म्हणाले.

तीन दिवसांनी कार्यकारिणीतील सात जणांचे उत्तर आले. वल्लभभाई पटेल, राजेंद्रप्रसाद, जयरामदास दौलतराम, कृपलानी, जमनालाल बजाज, भुलाभाई देसाई आणि शंकरराव देव. अध्यक्षाची निवड आजवर एकमताने होत आली आहे, तीच प्रथा बरी. धोरण ठरवणे हे अध्यक्षाचे काम नाही, ते काँग्रेसचे आणि कार्यकारिणीचे काम आहे. अध्यक्ष हा घटनात्मक प्रमुखासारखा असतो, असा त्या निवेदनाचा रोख होता. सुभाषबाबूंनी उत्तर दिले की प्रतिनिधी ज्याला निवडतात आणि जो स्वतःची कार्यकारिणी नेमतो त्याची तुलना नामधारी राजाशी नव्हे, तर पंतप्रधानाशी किंवा अमेरिकेच्या अध्यक्षाशी करायला हवी. वरवर पाहता हा उमेदवारांचा वाद होता. प्रत्यक्षात तो 'अध्यक्ष' या शब्दाच्या अर्थाचा वाद होता. सभेचा मान राखणारा, की पक्षाला दिशा देणारा? पहिला अर्थ धरला तर निवडणूक ही निष्कारण कटकट ठरते. दुसरा धरला तर निवडणूक टाळणे ही मतदाराची फसवणूक ठरते.

२९ जानेवारीला प्रांतोप्रांती मतदान झाले. सुभाषचंद्रांना १५८० मते पडली, पट्टाभींना १३७७. बंगालने आपल्या माणसाला भरभरून मते दिली यात नवल नाही. आंध्र, गुजरात आणि बिहार पट्टाभींच्या मागे उभे राहिले यातही नाही. पण दक्षिणेत आणि उत्तरेत अनेक प्रांतांतील प्रतिनिधींनी ज्येष्ठांचे ऐकले नाही. निकालानंतर दोन दिवसांनी गांधींचे निवेदन आले. मौलानांनंतर पट्टाभींनी माघार घेऊ नये यासाठी आपण कारणीभूत झालो होतो, म्हणून हा पराभव त्यांच्यापेक्षा आपला अधिक आहे, असे त्यांनी म्हटले. या वाक्याची चर्चा त्यातील नैतिक सरळपणासाठी होते, आणि तो सरळपणा त्यात आहेच. पण त्याचा व्यावहारिक परिणामही पाहायला हवा. मतपत्रिकेवर जे नाव नव्हते ते या वाक्याने निकालानंतर मतपत्रिकेवर आले. सुभाषबाबूंना मत दिलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला आपण गांधींविरुद्ध मत दिल्याचे मतदानानंतर कळले.

पुढचा घटनाक्रम सर्वपरिचित आहे. २२ फेब्रुवारीला कार्यकारिणीच्या बहुतेक सदस्यांनी राजीनामे दिले. मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला अधिवेशन भरले. बावन्नावे अधिवेशन म्हणून बावन्न हत्तींची मिरवणूक निघाली, आणि तापाने फणफणलेल्या अध्यक्षाच्या जागी रथात त्यांचे छायाचित्र ठेवावे लागले. सुभाषबाबूंना स्ट्रेचरवरून मंडपात आणले गेले. त्यांचे भाषण त्यांचे बंधू शरच्चंद्र यांनी वाचून दाखवले. गांधी तेव्हा राजकोटला होते. गोविंद वल्लभ पंतांनी ठराव मांडला की अध्यक्षांनी आपली कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. ठराव मंजूर झाला.

या जागी त्रिपुरीची कथा सांगणारे बहुतेक लेखक एका बाजूला झुकतात. कुणाला ही लोकशाहीची हत्या वाटते, कुणाला संघटनेने वेळीच सावरलेला तोल. मला दोन्ही वाचने अपुरी वाटतात, कारण दोन्हींत मतदार गहाळ होतो. जानेवारीत १५८० मते देणारे आणि मार्चमध्ये पंतांचा ठराव मंजूर करणारे प्रतिनिधी दोन वेगळ्या ग्रहांवरून आलेले नव्हते. दीड महिन्याच्या अंतराने एकाच प्रतिनिधिवर्गाने ही दोन उत्तरे दिली. असे का व्हावे? दबाव होता, समाजवादी गट तटस्थ राहिला, हे खरे आहे. पण मला वाटते, त्याला दोन वेगळे प्रश्न विचारले गेले होते. जानेवारीत प्रश्न होता : सुभाष की पट्टाभि? मार्चमध्ये प्रश्न झाला : गांधी हवेत की नकोत? पहिल्या प्रश्नाला मोकळेपणाने उत्तर देणारा माणूस दुसऱ्या प्रश्नापुढे गप्प होतो. प्रश्न बदलण्याची ताकद ज्याच्या हाती असते त्याला मतपत्रिकेवर नाव असण्याची गरज नसते. आणि हेही खरे की गांधींनी पुढे कार्यकारिणीची नावे सुचवायला नकार दिला, सुभाषबाबूंनी स्वतःच्या विचारांची माणसे घ्यावीत असे कळवले. ठराव म्हणतो गांधींच्या इच्छेनुसार नेमा. गांधी म्हणतात माझी इच्छा सांगणार नाही. या कोंडीतून वाट एकच होती. एप्रिलच्या अखेरीस कलकत्त्याच्या महासमितीच्या बैठकीत सुभाषबाबूंनी राजीनामा दिला, राजेंद्रप्रसाद अध्यक्ष झाले, आणि मेच्या आरंभी फॉरवर्ड ब्लॉकची स्थापना झाली.

स्वातंत्र्यानंतर असा बाहेरचा अधिकारी पुरुष उरला नाही, तेव्हा मतांना वजन येईल अशी अपेक्षा बाळगायला हरकत नव्हती. १९४८ साली याच पट्टाभींनी पुरुषोत्तमदास टंडन यांना थोड्या मतांनी हरवले. १९५० साली टंडन पुन्हा उभे राहिले. त्यांच्यापुढे आचार्य कृपलानी होते, आणि तिसरे उमेदवार होते शंकरराव देव.

देवांचे नाव वाचून वाचकाने क्षणभर थांबावे. अध्यक्षाची निवड एकमतानेच व्हावी असे १९३९ मध्ये सांगणाऱ्या सात जणांतले हे एक. अकरा वर्षांनी ते तिरंगी लढतीत उतरले होते. कृपलानीही त्याच सात जणांतले. यात विसंगती शोधून हसणे सोपे आहे. मला त्यात दुसरे काही दिसते. एकमताचे सुख ज्यांच्या बाजूने एकमत असते त्यांनाच कळते. ते फिरले की त्याच माणसाला मतपेटीची आठवण होते, आणि ती त्या वेळी तिथे असणे हे पक्षाच्या प्रकृतीचे लक्षण आहे.

टंडन यांना १३०६ मते मिळाली, कृपलानींना १०९२, देवांना २०२. कृपलानी आणि देव यांची बेरीज १२९४ होते. म्हणजे टंडन यांचे निर्विवाद बहुमत अवघ्या बारा मतांचे. टंडन यांच्या मागे सरदार पटेलांचे बळ होते आणि पंतप्रधान नेहरूंना ही निवड मुळीच रुचली नव्हती. सप्टेंबरमध्ये नव्या अध्यक्षांच्या नेतृत्वाखाली अधिवेशन भरले ते नाशिकला. तिथे मौज अशी घडली की अध्यक्ष टंडन आणि ठराव नेहरूंचे. जातीय सलोखा आणि निधर्मी राज्य या नेहरूंच्या भूमिकेवर त्याच प्रतिनिधींनी शिक्कामोर्तब केले ज्यांनी नेहरूंना नको असलेला अध्यक्ष निवडला होता. डिसेंबरमध्ये पटेल गेले. १९५१ मध्ये कृपलानींनी पक्ष सोडला. ऑगस्टमध्ये नेहरूंनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला. त्रिपुरीच्या वेळी बारा-तेरा जणांनी जे केले ते इथे एकट्याने. सप्टेंबरमध्ये टंडन पायउतार झाले आणि महासमितीने नेहरूंनाच अध्यक्ष केले. १३०६ मते वर्षभर टिकली.

केवळ आपल्याकडच्या भक्तिभावाला यासाठी दोष देणे घाईचे ठरेल. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या सभासदांनी आणि समर्थकांनी सप्टेंबर २०१५ मध्ये जेरेमी कॉर्बिन यांना ५९.५ टक्के मतांनी नेता निवडले. जून २०१६ मध्ये त्यांच्याच खासदारांनी १७२ विरुद्ध ४० मतांनी त्यांच्यावर अविश्वास व्यक्त केला. पेच त्रिपुरीसारखाच : ज्यांनी निवडले ते एक, ज्यांच्यासोबत काम करायचे ते दुसरे. पण तिथे पेच सोडवायला पुन्हा सभासदांकडेच जावे लागले, आणि त्यांनी ६१.८ टक्क्यांनी कॉर्बिन यांनाच परत पाठवले. निर्णय शहाणपणाचा होता की नाही यावर तिथे आजही दुमत असेल. आपल्याकडे पेच पुन्हा मतदाराकडे नेण्याची वाट कुणी धरली नाही, एवढा फरक मात्र लक्षात राहतो.

यानंतर जवळजवळ अर्धे शतक लढतीचे प्रसंग विरळ झाले. १९७७ मधील पराभवानंतरच्या निवडीचा अपवाद विस्तारभयास्तव बाजूला ठेवतो. जून १९९७ मध्ये सीताराम केसरी, शरद पवार आणि राजेश पायलट अशी लढत झाली. केसरींना ६२२४ मते पडली, पवारांना ८८२, पायलट यांना ३५४. महाराष्ट्रातील वृत्तपत्रांनी ही लढत अर्थातच पवारांच्या बाजूने पाहिली आणि ८८२ या आकड्यावर बरीच शाई खर्च झाली. आज मागे वळून पाहताना लक्ष वेधून घेतो तो ६२२४ हा आकडा. इतक्या मतांनी आलेल्या अध्यक्षाला १४ मार्च १९९८ रोजी कार्यकारिणीच्या एका बैठकीने पदावरून दूर केले आणि सोनिया गांधींना अध्यक्ष केले. सोनिया गांधी १९९७ मध्येच पक्षाच्या प्राथमिक सभासद झाल्या होत्या. चार आण्यांचा सभासद नसलेल्या गांधींपासून सुरू झालेल्या कथेतील हे वळण पुरेसे बोलके आहे. मात्र दोघांच्या अधिकाराची जात वेगळी होती. पहिल्याचा अधिकार त्याने सोडून दिलेल्या गोष्टींतून आला होता, दुसरीचा तिच्याकडे चालत आलेल्या वारशातून. मतपेटीच्या दृष्टीने मात्र दोन्हींचा परिणाम सारखाच झाला.

नोव्हेंबर २००० मध्ये जितेंद्र प्रसाद सोनिया गांधींविरुद्ध उभे राहिले. सोनियांना ७४४८ मते मिळाली, प्रसादांना ९४. या ९४ मतांची त्या वेळी थट्टा झाली. मी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. १९३९ मध्ये १५८० मते देणाऱ्यांना आपण गांधींविरुद्ध मत देत आहोत हे मतदानाच्या दिवशी पुरते ठाऊक नव्हते. या ९४ जणांना आपण कुणाविरुद्ध मत देत आहोत, निकाल काय लागणार आहे आणि त्यातून आपल्याला काहीच मिळणार नाही, हे तिन्ही ठाऊक होते. प्रसाद यांचे दोन महिन्यांत, जानेवारी २००१ मध्ये, निधन झाले. ते ९४ कोण होते हे इतिहासाला सांगता येणार नाही. ते होते एवढे मात्र त्याला नाकारता येणार नाही.

१७ ऑक्टोबर २०२२ रोजी मल्लिकार्जुन खरगे आणि शशी थरूर यांच्यात लढत झाली. खरग्यांना ७८९७ मते, थरूर यांना १०७२, बाद मते ४१६. चोवीस वर्षांनी नेहरू-गांधी घराण्याबाहेरचा अध्यक्ष झाला. अधिकृत उमेदवार कुणीही नाही असे सांगितले जात होते आणि खरग्यांमागे कुणाचा कल आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. या निवडणुकीतल्या दोन बारीक गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. मतपत्रिकेवर पसंतीच्या नावापुढे '१' हा आकडा लिहावा, अशी सूचना आधी होती. यादीत खरग्यांचे नाव पहिले असल्याने मतदाराचा गोंधळ होईल, असा आक्षेप थरूर यांच्या बाजूने आला आणि आकड्याऐवजी बरोबरची खूण करावी असे ठरले. दुसरी गोष्ट अशी की मोजणीपूर्वी सर्व राज्यांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्यात आल्या, जेणेकरून कोणत्या राज्यातून कुणाला किती मते पडली हे कळू नये.

ही मिसळण चांगल्या हेतूची होती. विरोधात मत देणाऱ्या राज्यावर, म्हणजे पर्यायाने तिथल्या माणसांवर, राग निघू नये यासाठी ती केली गेली. पण तिची गरज का पडावी, हे विचारले की मन खिन्न होते. १९३९ मध्ये कोणता प्रांत कुणाकडे गेला हे दुसऱ्या दिवशी देशभर वाचले गेले. बंगाल, आंध्र, गुजरात यांनी आपापली मते उजळ माथ्याने दिली. ८३ वर्षांनी त्याच पक्षाच्या मतदाराचे संरक्षण करण्यासाठी त्याचे मत ढिगात लपवावे लागले. तरीही त्या ढिगातून १०७२ मते बाहेर आली. दर दहा मतदारांतील एकाहून थोडे अधिक. मतदान झालेच नसते तर ही संख्या कधी अस्तित्वातच आली नसती, आणि पक्ष एकदिलाने खरग्यांच्या मागे होता असे पुढच्या अभ्यासकाने प्रामाणिकपणे लिहिले असते.

इथे साहित्याच्या वाचकाला आपल्या घरातली एक गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष अनेक वर्षे घटक संस्थांच्या हजारभर मतदारांच्या मतांनी ठरे. इंदिरा संतांसारख्या कवयित्रीला त्या मतदारांनी नाकारले, आणि तो डाग त्या पद्धतीवर कायमचा राहिला. २०१८ मध्ये महामंडळाने निवडणूक रद्द केली. जानेवारी २०१९ च्या यवतमाळ संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची सन्मानाने निवड झाली आणि आपण बहुतेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही टाकला. प्रचाराची पत्रे, फोन, गटबाजी यांतून एका चांगल्या लेखिकेची सुटका झाली याचा आनंद खरा होता. संमेलन हा पक्ष नव्हे आणि कवितेचा कस मतांनी लागत नाही, हेही मान्य. तरी त्या निःश्वासाची आठवण आता थोडी अस्वस्थ करते. मतदाराने चूक केली की मतदार सुधारायचा की मतदान बंद करायचे, या प्रश्नाचे उत्तर आपण किती सहज देऊन टाकले! सात ज्येष्ठांनी १९३९ मध्ये याहून काही वेगळे म्हटले नव्हते, आणि त्यांचाही हेतू वाईट नव्हता.

एकमत वाईट असते असे मला म्हणायचे नाही. खरे एकमत दुर्मीळ आणि मोलाचे असते. पण ते खरे आहे की नाही हे तपासण्याचे साधन आपण मोडून ठेवतो, तेव्हा खऱ्या एकमताचेही मोल कळेनासे होते. वर सांगितलेल्या निवडणुकांतील विजेत्यांना पदाने फारसे काही दिले नाही. सुभाषबाबू तीन महिन्यांत गेले, टंडन वर्षभरात, केसरी नऊ महिन्यांत. म्हणून त्या निवडणुका निरर्थक होत्या असा निष्कर्ष नेहमी काढला जातो. मला त्यांचे मोल हरलेल्यांच्या आकड्यांत दिसते : १३७७, १०९२, २०२, ८८२, ३५४, ९४, १०७२. त्यांतील प्रत्येक आकडा म्हणजे कुणीतरी एकांतात कागदावर केलेली खूण आहे. शंकरराव देवांना १९५० मध्ये २०२ जणांनी मते दिली. देव पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या, भूदानाच्या कामात गेले, आणि ती निवडणूक त्यांच्या चरित्रातही तळटीपेपुरतीच उरली. पण ते हरणार हे दिसत असतानाही देशभरातून २०२ माणसांनी त्यांचे नाव निवडले होते, हे आपण आज सांगू शकतो. ते मोजले गेले म्हणून.

पुढच्या वर्षी उपसर्ग शिकवताना 'बिनविरोध' हा शब्द फळ्यावर येईलच. त्याचा विग्रह करून झाल्यावर, त्यातला विरोध कुठे गेला असेल, एवढे मुलांना विचारायचे ठरवले आहे.